सामाजिक करार आणि अग्गञ्ञ सुत्त : अध्यापनातील एक उणीव

रूसोच्या दोन हजार वर्षे आधी भगवान बुद्धांनी सामाजिक कराराचा सिद्धांत मांडला, हे विधान विहारांतील अभ्यासवर्गांत आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत आम्हांस वारंवार आढळते. त्यापुढे विश्लेषण मात्र नसते. आमचा आक्षेप विधानामागील अभिमानाला नाही. तेथेच थांबण्याला आहे.

मुळात हॉब्ज (१६५१), लॉक (१६८९) आणि रूसो (१७६२) एकच गोष्ट सांगत नाहीत. इंग्लंडचे यादवी युद्ध पाहिलेल्या हॉब्जचा माणूस मरणभयाने आपले अधिकार सार्वभौमाच्या हवाली करतो, आणि सार्वभौम स्वतः त्या करारात पक्षकार नसतो. लॉककडे सत्ता ही विश्वस्त आहे. विश्वासघात झाल्यास ती काढून घेता येते. रूसोकडे माणूस स्वतःस कोणा व्यक्तीच्या नव्हे, समस्त समाजाच्या स्वाधीन करतो. असा करार कधी खरोखर झाला होता काय, हा ह्यूमने १७४८ मध्ये उपस्थित केलेला प्रश्न तर आपल्या वर्गांपर्यंत क्वचितच पोहोचतो.

आता दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्त पाहावे. साळीची शेते वाटली जातात, सीमा आखल्या जातात, मग चोरी, असत्य आणि दंड येतात. तेव्हा लोक आपल्यातील एका योग्य पुरुषाची निवड करून त्याला साळीचा वाटा देऊ करतात. तो महासम्मत. हे लॉकसारखे वाटते. परंतु लॉकला मालमत्ता हा श्रमातून उपजलेला हक्क वाटतो, तर सुत्तात ती लोभाच्या उतरंडीवरील एक पायरी आहे. येथे सुत्त १७५५ मधील विषमतेवरील ग्रंथाच्या रूसोशी अधिक जवळीक साधते. शिवाय ही कथा सांगितली कोणाला? संघात आल्याबद्दल ज्ञातिबांधवांच्या शिव्या खाणाऱ्या वासेट्ठ आणि भारद्वाज यांना. ब्रह्म्याच्या मुखातून जन्मल्याचा दावा खोडणे हा तिचा रोख आहे. म्हणूनच वेदपाठकाचे ‘अज्झायक’ हे नाव तेथे ‘ध्यान न करणारा’ असे फोडून दाखविले आहे. हा उपरोध भाषांतरात बहुधा हरवतो. राज्यसंस्थेचे समर्थन एवढाच अर्थ काढणाऱ्याने निम्मे सुत्त गमावले असे आम्ही म्हणू.

बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात, आपण स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे सांगितले. या विधानाच्या आधारे पाश्चात्त्य ग्रंथ न वाचण्याची मुभा काहीजण घेतात. बाबासाहेबांनी स्वतः ती कधी घेतली नव्हती.

वर्गात आम्ही एक प्रश्न आग्रहाने विचारतो : करार झाला तेव्हा कोण उपस्थित होते? १६६९ च्या कॅरोलायना वसाहतीच्या मूलभूत संविधानाने मालकाला गुलामावर निरंकुश सत्ता दिली. त्याच्या मसुद्यात लॉकचा हात होता. तो कितपत, यावर मतभेद आहेत. कॅरोल पेटमन यांनी १९८८ मध्ये स्त्रियांच्या, तर चार्ल्स मिल्स यांनी १९९७ मध्ये वंशाच्या संदर्भात या कराराची अशीच झडती घेतली.

एकदा एका विद्यार्थिनीने तोच प्रश्न सुत्ताला विचारला : महासम्मताच्या निवडीत स्त्रिया होत्या का? वर्ग थोडा अस्वस्थ झाला. आम्ही मूळ पालि उघडले. जमले ते ‘सत्ता’, म्हणजे प्राणी, एवढेच तेथे म्हटले आहे. तेवढ्याने आपले समाधान होत नाही, असे तिने उत्तरपत्रिकेत लिहिले, आणि आम्ही तिला पूर्ण गुण दिले.