आवाज सुधारला, पण कशाने?

हाय-फाय संगीतयंत्रांची परीक्षणे आम्ही आवडीने वाचतो. त्यांतील बहुतेक यंत्रे आमच्या खिशाला परवडणारी नसतात. पण माणसाचे कान, त्याचे मन आणि यंत्र यांचे नाते या लेखनातून चांगले दिसते. अलीकडच्या वर्षांत त्यात एक दावा वारंवार भेटतो. यंत्र तेच, तारा त्याच, स्पीकर तेच. फक्त यंत्रातले फर्मवेअर बदलले आणि संगीतावरचा पडदा दूर झाला! खर्ज भरीव झाला, गायिका दोन पावले पुढे आली, वाद्ये एकमेकांपासून सुटी ऐकू येऊ लागली.

दुसऱ्या बाजूचे लोक यावर एका वाक्यात निकाल देतात : अंक ते अंकच, त्यांत फरक पडेलच कसा? आमच्या मते दोन्ही बाजूंनी उत्तराची घाई केली आहे. आणि हा प्रश्न केवळ श्रीमंत शौकिनांचा नाही. ‘मला स्पष्ट जाणवले’ या पुराव्याचे वजन किती, हा प्रश्न विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाला कधी ना कधी भेटतोच.

यंत्रात काय घडते?

स्ट्रीमर म्हणजे इंटरनेटवरून किंवा घरातल्या संगणकावरून संगीताची फाइल घेऊन ती वाजवणारे यंत्र. फर्मवेअर म्हणजे त्याच्या स्मृतीत साठवलेली, त्याचे काम चालवणारी आज्ञावली. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीच्या मानकानुसार ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहितात. दोन वाहिन्यांचे मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. फ्लॅकसारख्या पद्धतीने फाइल लहान केली तरी उलगडल्यावर मूळचा बिट न बिट परत मिळतो. वाटेत एखादे पुडके हरवले तर ते पुन्हा मागवले जाते. आलेले अंक आधी स्मृतीत जमा होतात आणि मग यंत्रातल्या घड्याळाच्या ठोक्यावर ओळीने बाहेर पडतात. म्हणून अंक केव्हा आले याचा, ते केव्हा वाजले याच्याशी थेट संबंध राहत नाही.

इथपर्यंत ‘अंक ते अंकच’ म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. फर्मवेअरने अंकांना हात लावला नाही, तर त्या वाटेने आवाज बदलण्याचे कारण उरत नाही. पण फर्मवेअर अंकांना हात लावू शकते, हे ते विसरतात. आवाजाची पातळी गुणाकाराने कमी-जास्त करणे, सर्व गाणी सारख्या पातळीवर आणणे, ४४,१०० नमुन्यांचे ४८,००० करणे, खर्ज आणि तीव्र स्वर यांचा तोल बदलणे, अंकांचे विद्युत्‌संकेत होताना लागणारी गाळणी निवडणे, ही सारी कामे आज्ञावली करू शकते. जुन्या आवृत्तीत यांपैकी एखाद्यात चूक असेल आणि नव्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली, तर आवाज खरोखरच बदलेल.

याचे स्वच्छ उदाहरण अमेरिकेतील पीएस ऑडिओ या कंपनीचे ‘डायरेक्टस्ट्रीम’ हे २०१४ सालचे यंत्र. अंकांपासून ध्वनिसंकेत बनवण्यासाठी त्यात नेहमीची तयार चिप नाही. जिची अंतर्गत जोडणी आज्ञावलीने पुन्हा रचता येते, अशा एफपीजीए चिपवर ते गणित होते. कंपनीने त्याच्या आवृत्त्यांना कोलोरॅडोतील पर्वतशिखरांची नावे दिली. इथे नवी आवृत्ती म्हणजे नवे गणित, म्हणून बाहेर पडणारा संकेत वेगळा असणे स्वाभाविक आहे. तो फरक कानाला कळण्याइतका आहे का, हा मात्र वेगळा प्रश्न.

आणखी एक युक्तिवाद केला जातो. नव्या आज्ञावलीमुळे प्रोसेसरवरचा भार बदलतो, त्यामुळे विद्युतपुरवठ्यातली खळबळ बदलते आणि ती शेवटच्या संकेतात उतरते. हे तत्त्वतः अशक्य नाही. पण मग ती खळबळ यंत्राच्या मुखाशी मोजता आली पाहिजे. अद्ययावत करण्यापूर्वी आणि नंतर तोच तुकडा ध्वनिमुद्रित करावा, एकातून दुसरा वजा करावा आणि काय उरते ते पाहावे. एवढे साधे काम बहुतेक परीक्षणांत केलेले नसते, ही आमची पहिली तक्रार.

परीक्षणे कुठे घसरतात?

दुसरी तक्रार ऐकण्याच्या पद्धतीविषयी आहे. परीक्षक जुन्या आवृत्तीवर गाणे ऐकतो, नवी भरतो, यंत्र पुन्हा सुरू करतो आणि तेच गाणे ऐकतो. मध्ये कित्येक मिनिटे गेलेली असतात. आवाजाच्या बारीक छटांची आठवण इतका वेळ टिकत नाही. शिवाय दोन्ही वेळची पातळी मोजून जुळवलेली नसते. अर्ध्या डेसिबेलची वाढ बहुधा ‘मोठा आवाज’ म्हणून लक्षात येत नाही, ती ‘अधिक स्पष्ट आवाज’ म्हणून जाणवते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आता नवी आवृत्ती वाजते आहे हे परीक्षकाला ठाऊक असते.

यात लबाडी नसते. १९०३ साली फ्रान्समधील नान्सी येथील ब्लाँडलो या नामांकित भौतिकशास्त्रज्ञाने ‘एन-किरण’ शोधल्याचे जाहीर केले. अंधाऱ्या खोलीत त्याला आणि इतर अनेकांना ते ‘दिसत’ होते. १९०४ साली अमेरिकन शास्त्रज्ञ वुड त्याच्या प्रयोगशाळेत गेला आणि अंधारात त्याने उपकरणातला लोलक गुपचूप काढून घेतला. निरीक्षणे पूर्वीसारखीच येत राहिली! ब्लाँडलो प्रामाणिक होता, फक्त काय दिसायला हवे हे त्याला आधीच माहीत होते.

कान हे कमी प्रतीचे साधन आहे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तंबोऱ्याचा दोरा किंचित सरकवला की जवारी बदलते आणि गवयाला ते डोळे मिटूनही कळते. ‘डोळे मिटूनही’ हीच खरी कसोटी. फर्मवेअरसाठी ती अशी घेता येईल. एकाच प्रकारची दोन यंत्रे घ्यावीत, एकात जुनी आवृत्ती, दुसऱ्यात नवी. पातळी ०.१ डेसिबेलपर्यंत जुळवावी. कोणते वाजवायचे हे नाणे उडवून ठरवावे आणि ते ऐकणाऱ्याला कळू नये, शेजारी बसून उत्तरे लिहिणाऱ्यालाही कळू नये.

अशा चाचण्या इतर बाबतींत झालेल्या आहेत. २००७ साली मेयर आणि मोरान यांनी सीडीपेक्षा वरच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण थेट आणि सीडीच्या मानकातून गाळून, असे दोन्ही प्रकारे ऐकवले. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा ओळख बरोबर निघाली. नुसत्या नाणेफेकीने २७७ अपेक्षित होत्या. या प्रयोगावर आक्षेप आले. २०१६ साली राइस यांनी अशा १८ प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आले. म्हणजे फरक शून्य नव्हता, पण फार थोडा होता. सीडी आणि वरचा दर्जा यांत अंकांचा मोठाच फरक असतो. तिथे ही स्थिती, तर अंक मुळीच न बदलणाऱ्या आवृत्तीने पडदा दूर झाला असे सांगणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी कितीतरी जास्त येते.

वर्गात करून पाहा

यासाठी महागडे यंत्र नको. एक मोबाइल आणि एक साधा स्पीकर पुरे. विद्यार्थ्यांना सांगा, ‘आधी जुने, मग सुधारलेले ध्वनिमुद्रण ऐकवतो, फरक लिहा.’ आणि दोन्ही वेळा तीच फाइल वाजवा. कागदांवर काय येते ते पाहा, आणि नंतर खरे काय ते अवश्य सांगा.

पुढे गणिताचा तास जोडता येईल. प्रत्येकाने १० वेळा नुसता अंदाज केला, तर ८ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची संभाव्यता ५६/१०२४, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के. ४० जणांच्या वर्गात असे सरासरी दोघे ‘तीक्ष्ण कानांचे’ निघतील! त्यांची पुन्हा चाचणी घ्या. खरा कान दुसऱ्यांदाही टिकेल, नशीब बहुधा टिकणार नाही.

एक काळजी मात्र घ्यावी. ज्याने फरक ‘ऐकला’ त्याची टिंगल होऊ देऊ नये. त्याला जे जाणवले ते खरेच जाणवले. त्याचे कारण यंत्रात होते की मनात, एवढेच शोधायचे होते. परीक्षण लिहिणाऱ्यांकडूनही आम्ही यापेक्षा अधिक मागत नाही. तुम्हाला काय वाटले ते जरूर लिहा, पण ते कसे ऐकले तेही त्याच पानावर लिहा.