संस्कार आणि संघर्ष : ‘श्यामची आई’चे शालेय वाचन

कथात्म साहित्यातील पात्रांच्या प्रेरणांचा शोध हा समीक्षेचा महत्त्वाचा विषय असला, तरी शालेय अध्यापनात त्याचे रूपांतर बहुधा स्वभाववैशिष्ट्यांच्या यादीत होते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’चे वाचन हे याचे ठळक उदाहरण होय.

‘सावित्री-व्रत’ हे प्रकरण या दृष्टीने लक्षणीय आहे. आजारी आईच्या वतीने वडाला प्रदक्षिणा घालण्यास श्याम कचरतो. या प्रसंगाचे तात्पर्य ‘मातृआज्ञेचे पालन’ असे सांगितले की विवेचन संपते. वस्तुतः श्यामच्या नकाराच्या मुळाशी उद्धटपणा नाही, लज्जा आहे. बायकांचे व्रत मुलाने केले तर सोबती हसतील, ही ती लज्जा. म्हणजे संघर्ष आई आणि मुलगा यांच्यातील नसून, आईवरील माया आणि समाजाने आखून दिलेली पुरुषपणाची सीमा यांच्यातील आहे. आई देवकार्याच्या आधारे ती सीमा श्यामला ओलांडायला लावते. मात्र सीमेलाच प्रश्न विचारीत नाही.

हा संघर्ष वाचकाच्या नजरेतून निसटतो, याचे एक कारण निवेदनपद्धतीत आहे. कथा बालश्याम जगतो; ती सांगतो मात्र प्रौढ श्याम, आश्रमातील सोबत्यांना, रात्रीमागून रात्री. आईच्या अखेरच्या क्षणी तो तिच्याजवळ नव्हता. या निवेदनामागे कृतज्ञतेइतकीच रुखरुखही आहे. त्यामुळे प्रत्येक प्रसंगात आईचा विजय आधीच ठरलेला असतो आणि मुलाचा विरोध केवळ चूक म्हणून उरतो. शालेय वाचन निवेदकाचा हा निवाडा जसाच्या तसा स्वीकारते.

याची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते. कळमेश्वरसारख्या वैदर्भीय गावातील मुलाला कोकणातले पालगड दूरचे वाटेल. पण उतरती कळा लागलेल्या खोत घराण्यावरील कर्ज आणि त्यापायी होणारी अब्रूची विटंबना यांचा अर्थ कापूस-संत्र्याच्या मुलखात समजावून सांगावा लागत नाही. हसले जाण्याचे भयही त्याला ठाऊक असते. ‘या पाठातून कोणता बोध मिळतो?’ या प्रश्नाने हा अनुभव वर्गाबाहेरच राहतो. ‘श्याम कोणाच्या हसण्याला भितो, आणि का?’ असे विचारले, तर तोच अनुभव वाचनाचे साधन होईल. त्याने आईची थोरवी उणावत नाही. ती कशावर मात करून सिद्ध झाली, हे उमगते. संघर्षाविना सांगितलेला संस्कार ही केवळ आज्ञा ठरते.