मुंबईंतील एक खेडें आणि आमचें साहित्य

मुंबई शहराच्या पोटांत खेडीं दडलेलीं आहेत, हें मराठी वाचकांस नवीन नाहीं. परंतु त्यांपैकीं कोणत्या खेड्यास आमच्या साहित्यानें आपलें मानिलें आणि कोणतें केवळ प्रेक्षणीय म्हणून सोडून दिलें, याचा विचार व्हावा तितका झालेला नाहीं.

चाळीचें भाग्य थोर. पु. ल. देशपांडे यांच्या १९५८ सालच्या 'बटाट्याची चाळ' या पुस्तकानें चाळींतील बिऱ्हाडें घरोघर नेलीं. बोदवडसारख्या खानदेशी गांवीं राहणाऱ्या, मुंबईची चाळ कधीं आंतून न पाहिलेल्या कुटुंबांसही तीं माणसें शेजारचीं वाटलीं. याचें श्रेय लेखकाच्या विनोदाइतकेंच त्याच्या आपुलकीस आहे. चाळकऱ्यांस तो हंसतो तो घरचा म्हणून हंसतो.

आतां गिरगांवांतीलच खोताची वाडी घ्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत दादोबा वामन खोत या पाठारे प्रभु गृहस्थानें आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांस दिले आणि ही वाडी वसली, असें सांगतात. कौलारू छपरें, लांकडी ओसऱ्या, बाहेरून चढणारे जिने, अरुंद बोळ, वाटेवर क्रूस. एकेकाळीं येथें ६५ घरें होतीं असें म्हणतात. आज त्यांतील निम्मींही उरलेलीं नाहींत. चित्रकारांनीं व छायाचित्रकारांनीं वाडीचें कौतुक पुष्कळ केलें. वाडीवरील लेखांतही ओसऱ्या आहेत, जिने आहेत. ओसरीवर बसलेला मनुष्य मात्र क्वचितच बोलतो.

तो मनुष्य कोण? ईस्ट इंडियन हें नांव या समाजानें १८८७ सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या कारकीर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं घेतलें. गोव्याहून व मंगळुराहून नोकरीसाठीं येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे, मूळचे येथलेच, हें त्यांस सांगावयाचें होतें. नांव इंग्रजी, पण त्यामागील हट्ट भूमिपुत्राचा. पोर्तुगीज अमदानींत धर्म बदलला, तरी घरची बोली मराठीच राहिली. लग्नाआधीं वाजतगाजत विहिरीवरून 'उंबराचें पाणी' आणणें राहिलें, सणासुदीचें लुगडें राहिलें, आणि उन्हाळ्यांत मसाला कुटून वर्षभरासाठीं बाटल्यांत भरणेंही राहिलें. खानदेशांतील कोणती गृहिणी ह्या रीतीस परकी म्हणेल?

येथें कोणी म्हणेल, ख्रिस्ती लेखणीस मराठीनें कधीं दूर लोटलें? लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' आम्हीं मस्तकीं धरिलींच ना? धरिलीं, हें खरें. परंतु त्यांतील माजघर व तेथील भाषा आमच्या मूळच्याच परिचयाची होती. वाडीची मराठी कानास वेगळी लागते, म्हणून ती साहित्याच्या उंबऱ्याबाहेर राहिली, असा आमचा स्पष्ट आरोप आहे. आणि त्यांतून आम्ही वाचकही सुटत नाहीं.

खेडें म्हटलें कीं शेजारधर्म आठवतो. पण खेड्यांत आळ्याही असतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या पाऊल न टाकलेली एखादी आळीही असते. हें बोदवडकरास कोणीं सांगावयास नको. मुंबईविषयीं लिहितांना आमच्या साहित्यानें खेड्याची हीच रीत पाळली.

वाडीचीं उरलेलीं घरें राखणें हें कायद्याचें व पैशाचें काम आहे. साहित्याच्या तें हातचें नाहीं. परंतु त्या ओसरीवरील आजीची मराठी तिच्याच शब्दांत कागदावर उतरविणें हें साहित्याचेंच काम आहे, आणि त्यास फार अवधि उरलेला नाहीं.