शीर्षबिंदूचा लोप आणि अर्थभेदाचा प्रश्न

अक्षरावरील चिन्हाचे मूल्य त्याने साधलेल्या भेदावर ठरते. या दृष्टीने मराठीतील 'अनुच्चारित' मानल्या गेलेल्या अनुस्वाराचा पुनर्विचार करणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी असे अनुस्वार वगळले. 'नांव', 'पांच', 'कांहीं' यांतील बिंदू गेल्याने अर्थबोधास बाधा आली नाही. उलट, पूर्वी 'घरांत' हे एकच रूप दोन्ही वचनी लिहिले जाई. आता 'घरात' व 'घरांत' असा वचनभेद एका बिंदूने स्पष्ट होतो. हा लाभ निःसंशय मान्य करावयास हवा.

तथापि नपुंसकलिंगी रूपांचा प्रश्न वेगळा आहे. जुन्या लेखनात 'तें आलें' म्हणजे मूल आले आणि 'ते आले' म्हणजे आदरणीय गृहस्थ आले. नव्या लेखनात दोहोंसाठी 'ते आले' हेच रूप उरते. बोलण्यात मात्र 'ते आलं' आणि 'ते आले' हा भेद आजही टिकून आहे. नियमांनीही संवादलेखनात 'केलं', 'म्हटलं' ही रूपे सानुस्वार लिहिण्यास मुभा दिली. तेथे बिंदू नासिक्य उच्चार दर्शवीत नाही, तर अंत्य 'अ' चा लांबलेला उच्चार दर्शवितो. याचा अर्थ असा की, बोलीतील जिवंत भेद दाखविण्यासाठी संवादात बिंदू लागतो. परंतु ग्रांथिक लेखनात तोच भेद लोपतो.

शिवाय 'अनुच्चारित' म्हणजे कोणाच्या मुखी अनुच्चारित? चित्पावनी बोलीत तसेच कोकणीत अनुनासिक स्वर आजही उच्चारले जातात. कोकणी लेखनात 'हांव', 'तुमकां' असे बिंदू दिले जातात. प्रमाण उच्चार हाच एकमेव निकष मानल्याने हे वास्तव दुर्लक्षित राहिले.

या प्रश्नाचा संबंध आपल्या अध्यापनाशीही आहे. १८७४ मध्ये सुरू झालेल्या 'निबंधमाले'सारखे लेखन मूळ प्रतीत वाचताना विद्यार्थी हे बिंदू मुद्रणदोष समजतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. नव्या नियमांनुसार पुनर्मुद्रण केल्यास तर लिंगवचनाचा पुरावाच पुसला जातो.

सारांश, जुने लेखन सरसकट पुनरुज्जीवित करावे, असा येथे आग्रह नाही. मात्र जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकीय आवृत्तींत मूळ अनुस्वार कायम ठेवावेत आणि पदवी स्तरावर त्यांचे व्याकरणिक कार्य शिकवावे, एवढी अपेक्षा निश्चितच रास्त ठरेल.