खर्ज आणि पेडलांची रांग

बेस गिटारवादकाच्या पायांशी आज चार-सहा पेडले मांडलेली असतात. ती कोणत्या क्रमाने जोडावीत याचा एक ठरीव पाठ नवशिक्याच्या हाती दिला जातो: प्रथम कॉम्प्रेसर, मग फिल्टर, मग फझ, नंतर कोरस, अखेरीस डिले. हा पाठ चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु खर्ज सांभाळण्याचे काम ज्या वाद्याकडे आहे, त्यास तो डोळे मिटून लावणे आम्हांस सयुक्तिक वाटत नाही.

क्रमाचे मर्म एवढेच की, प्रत्येक पेडल आपल्या आधीच्याने जे दिले तेच ऐकते. मोहरी तडतडण्यापूर्वीच हळद टाकली तर जिन्नस तेच राहूनही फोडणी करपते. तसेच हे आहे.

एन्व्हलप फिल्टरचे उदाहरण घ्यावे. १९७२ साली निघालेले म्यु-ट्रॉन थ्री हे या जातीचे नामांकित पेडल. बूट्सी कॉलिन्स यांच्या वादनात त्याचा विलास ऐकावयास मिळतो. तार जोराने छेडली की फिल्टर अधिक उघडतो, हळुवार छेडली की कमी. बोटांच्या आघातातील चढउतार हेच त्याचे अन्न होय. फझ मात्र स्वरलहरींचे शेंडे छाटून लहानमोठे आघात जवळजवळ एकाच उंचीवर आणते. तेव्हा आधी फझ व मग फिल्टर अशी जोडणी केली, तर वादकाचा हात फिल्टरला फारसा कळत नाही. उलटपक्षी, फझने उपजविलेल्या उपस्वरांची रेलचेल त्यास चाळावयास मिळते, आणि तो रंग कित्येकांस अधिक भावतो. कॉम्प्रेसरही चढउतार सपाट करणाराच. म्हणून फिल्टर वापरावयाचा असेल तर कॉम्प्रेसर त्याच्या मागून यावा, पाठ काहीही सांगो. जुन्या ॲनालॉग धाटणीच्या ऑक्टेव्ह-पेडलाविषयी मात्र वाद नको. त्यास एकेरी, स्वच्छ स्वर लागतो. फझचा कल्लोळ ऐकविला की ते भांबावते. डिले फझच्या आधी ठेवला तर प्रतिध्वनी व मूळ स्वर एकमेकांत कालवले जातात, एवढे सांगून पुढे जाऊ.

कारण खरी अडचण रांगेत नाही. बेसच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदास सुमारे ४१. गिटारीसाठी घडविलेली अनेक फझ-पेडले नेमका हाच तळ पातळ करतात. पेडल पुढेमागे सरकवून तो परत येत नाही.

येथे दोन ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकावीत. बीटल्सच्या १९६५ च्या ‘रबर सोल’मध्ये जॉर्ज हॅरिसन यांचे ‘थिंक फॉर युवरसेल्फ’ आहे. त्यात पॉल मॅकार्टनी यांनी साधा बेस वाजविला आणि फझ-बेस निराळा वाजविला. फझ कर्कशतेच्या काठावर हिंडते, तरी गाण्याचा पाया ढळत नाही. तो दुसऱ्या बेसने धरलेला आहे. मेटॅलिकाच्या ‘किल ’एम ऑल’मधील (१९८३) क्लिफ बर्टन यांच्या ‘ॲनेस्थेशिया’ या एकल वादनात गिटारच नाही. ड्रम येतात तेही मागाहून. तेथे फझ आणि वा-पेडलाचा खरखरीत आक्रोश हाच विषय आहे, आणि आम्हांस तो थोर वाटतो. परंतु त्याच थाटाची साखळी दोन गिटारींच्या भरगच्च मेळ्यात नेणारे तरुण वादक खर्ज गमावून बसतात, आणि दोष अँप्लिफायरला देतात.

यावर उपाय दोन फांद्यांचा. स्वर आरंभीच विभागावा. एक फांदी स्वच्छ ठेवून तीत कॉम्प्रेसर घालावा, दुसरीत फझ आणि तिच्यातला तळ कापून टाकावा, मग दोन्ही मिसळाव्यात. ही सोय काही बेस-पेडलांत अंगचीच असते. मात्र काही पेडले लहर उलटी करून देतात. तसे झाले तर दोन फांद्या एकत्र येताच खर्ज वाढण्याऐवजी परस्परांस खाऊन टाकतो, आणि एक फांदी बंद केल्यावर आवाज भरीव होतो. असे आढळले की फेज उलटविण्याची कळ फिरवून पुन्हा ऐकावे.