‘आयुष्याची दोरी’ : एका रूपकाची तपासणी

पन्हाळ्यावर एखादा माणूस जिवावरच्या दुखण्यातून उठला, की ‘आयुष्याची दोरी बळकट होती’ असे म्हणतात. गुणसूत्राच्या टोकाशी असणारे टेलोमिअर मराठीत समजावून देताना हीच दोरी प्रथम ओठी येते. प्रस्तुत लेखकाने ती वर्गात अनेकदा वापरली आहे. म्हणूनच तिची झडती घेणे त्याच्याकडे येते.

एका पेशीपुरते हे रूपक चालते. माणसाच्या पेशी ठरावीक मर्यादेपर्यंतच विभागतात, हे हेफ्लिक व मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखविले. विभाजनागणिक टेलोमिअर आखूड होते; ते फारच आखूड झाले की विभाजन थांबते. पोहऱ्याचा दोर विहिरीच्या काठावर घासून झिजावा, तसेच हे.

परंतु माणसाशेजारी चिंपांझी उभा केला की दोरीची गाठ सुटते. दोघांच्या टेलोमिअरमधील मजकूर एकच आहे : ‘टीटीएजीजीजी’ हा सहा अक्षरांचा शब्द, पुन:पुन्हा आलेला. भेद पुनरुक्तीच्या संख्येचा. चिंपांझीचे टेलोमिअर माणसाच्या सुमारे दुप्पट लांब, आणि तो साठी क्वचितच ओलांडतो. दोरी लांब, आयुष्य तोकडे! २०११ साली साठाहून अधिक सस्तन जातींची तुलना प्रसिद्ध झाली. तीतही दीर्घायुषी जातींची टेलोमिअरे आखूड असण्याकडेच कल दिसला. आखूड टेलोमिअर बेबंद वाढू पाहणाऱ्या पेशीस लवकर अडविते, म्हणजे ते कर्करोगाविरुद्धचा लगाम असावे, असे अनुमान यावरून केले जाते.

शिवाय ‘माकडांत असे आढळले’ हे वाक्यही सैल आहे. मराठी भाषक तांबड्या तोंडाचे माकड व काळ्या तोंडाचे वानर वेगळे ओळखतो. विज्ञानलेखकाने तेवढे तरी ओळखावे. माकडे व कपी यांच्या त्वचापेशी प्रयोगशाळेत वाढविल्या असता टेलोमिअर झिजून त्यांची वाढ खुंटते. त्याच नरवानर गणातील, शेपटीवर वलये असणाऱ्या लेमरच्या काही पेशी मात्र थोडे थांबून पुन्हा वाढू लागतात. तेव्हा पेशीचे वार्धक्य आणि प्राण्याचे वार्धक्य यांना एकच शब्द लावण्यात आपण केवढी उडी घेतो, हे ध्यानात यावे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. टेलोमिअर मोजून ‘खरे वय’ सांगण्याचा व्यापार आज चालतो, आणि दोरी म्हटली की ती लांबविण्याची इच्छा ऐकणाऱ्याच्या मनात उत्पन्न होणारच. ‘लगाम’ म्हटल्यास तसे होत नाही. लगाम वाढवून मागणारा घोडेस्वार विरळाच. अर्थात लगामही झिजतो हे त्या शब्दातून सुचत नाही. वर्गात यापुढे दोन्ही शब्द फळ्यावर लिहावेत, असा प्रस्तुत लेखकाचा विचार आहे.