कृष्णकांताचा कागद

बंकिमचंद्र चट्टोपाध्यायांच्या 'कृष्णकांतेर उइल' (१८७८) या कादंबरीची चर्चा निघाली म्हणजे ती बहुधा रोहिणीच्या मरणावर येऊन थांबते. गोविंदलालानें त्या विधवेस गोळी घातली तो न्याय कीं ग्रंथकाराची निष्ठुरता, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. शरच्चंद्रांसारख्या कादंबरीकारानेंही या बाबतींत बंकिमचंद्रांस दोष दिला. वाद पोकळ नव्हे. तथापि त्याच्या भरांत पुस्तकाच्या नांवाकडे दुर्लक्ष होतें. तें नांव रोहिणीचें नाहीं, भ्रमरचेंही नाहीं; एका मृत्युपत्राचें आहे, आणि ही मुळांत वांटणीची कादंबरी आहे असें आमचें मत आहे.

हरिद्राग्रामच्या रायांची जमीनदारी सालीना दोन लाखांच्या घरांतली. ती कृष्णकांत व त्याचा धाकटा भाऊ रामकांत या दोघांनीं मिळून संपादिली, पण सगळी खरेदी थोरल्याच्या नांवानें. भावाभावांत विश्वास एवढा कीं, लिहून ठेवण्याची गरज कोणास वाटली नाहीं. मुलगा झाल्यावर रामकांताच्या मनांत तें आलें. परंतु गोष्ट कागदावर येण्यापूर्वींच तो वारला. आतां कृष्णकांताच्या मनांत कपट असतें तर पुतण्याच्या हातीं करवंटी आली असती, कारण दाखवावयास त्याच्यापाशीं चिटोरेंही नव्हतें. म्हाताऱ्यानें तसें केलें नाहीं. त्यानें मृत्युपत्र केलें : गोविंदलाल या पुतण्यास आठ आणे, हरलाल व विनोदलाल या मुलांस तीन तीन, पत्नीस एक, मुलगी शैलवती हिला एक.

महाराष्ट्रीय वाचक येथें अडखळतो. पोटच्या मुलास तीन आणे आणि पुतण्यास आठ! मुलगा कोर्टांत कां गेला नाहीं? याचें उत्तर कथेंत नाहीं, धर्मशास्त्रांत आहे. आमच्याकडे विज्ञानेश्वराची मिताक्षरा प्रमाण. तिच्या मतें वडिलोपार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, व बापाला तो मृत्युपत्रानें बुडवितां येत नाहीं. बंगाल्यांत जीमूतवाहनाचा दायभाग. त्याप्रमाणें मिळकत वडिलोपार्जित असो वा स्वकष्टार्जित, बाप जिवंत आहे तोंपर्यंत मुलास तींत हक्क नाहीं. कोलब्रुकनें १८१० मध्यें या दोन्ही ग्रंथांचीं इंग्रजी भाषांतरें प्रसिद्ध केलीं, आणि न्यायासनांनीं हा भेद अधिकच घट्ट केला. १८७० च्या कायद्यानें बंगाल्यांत हिंदूंच्या मृत्युपत्रास लेखाचें व साक्षीदारांचें कडें घातलें. ख्रिस्ती झालेल्या मुलास वगळून प्रसन्नकुमार ठाकुरांनीं केलेल्या मृत्युपत्राचा खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १८७२ मध्यें निकालांत निघाला होता. बंकिमचंद्र स्वतः डेप्युटी मॅजिस्ट्रेट. हे विषय त्यांच्या रोजच्या टेबलावरचे.

म्हणून हरलाल दावा लावीत नाहीं, चोरी करवितो. पुण्यासाताऱ्याकडचा हरलाल आधीं वकिलाच्या घरीं गेला असता. इस्टेटींत वडिलोपार्जित पैशाचा अंश आहे, एवढें म्हणावयास तरी त्यास जागा होती. हरिद्राग्रामच्या हरलालापुढें दोनच वाटा : बापास भिववून कागद बदलावयास लावणें, नाहीं तर कागदच पळविणें. त्यानें दोन्ही केलें. १८५६ च्या कायद्यानें विधवाविवाह मोकळा झाला होता. बापास धमकी देण्यास त्याला तो उपयोगी पडला. (एवढ्या मोठ्या सुधारणेचा इतका क्षुद्र उपयोग दाखविण्यांत ग्रंथकाराचा कल उघड आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. विनोद मात्र साधला आहे.) लग्नाची आशा दाखवून तो रोहिणीकडून खरें मृत्युपत्र चोरवितो, खोटें ठेववितो, आणि काम झाल्यावर चोरटीशीं लग्न कसें करूं म्हणून हात झटकतो. पुढें गोविंदलालाचें अहित होऊं नये म्हणून खरा कागद परत ठेवावयास जातांना तीच पकडली जाते. ज्या कागदांत जिचें नांव कधींच येणें शक्य नाहीं, तो कागद दोनदां तिच्याच हातून फिरतो. रोहिणीचा कैवार घेणाऱ्यांनीं पिस्तुलापेक्षां या प्रसंगावर बोट ठेवलें असतें तर बरें झालें असतें.

आमची खरी तक्रार शेवटच्या मृत्युपत्राविषयीं आहे. गोविंदलालाचें पाऊल वांकडें पडलेलें पाहून कृष्णकांत मरतेवेळीं त्याचें नांव काढतो व ते आठ आणे त्याच्या पत्नीच्या, भ्रमरच्या, नांवें लिहितो. यांत म्हाताऱ्याचें शहाणपण पाहणारे वाचक आम्हांस भेटले आहेत. परंतु ते आठ आणे कृष्णकांताचे होते कोठें? ते रामकांताचे, हें ग्रंथकारानेंच पहिल्या प्रकरणांत सांगितलें आहे. ठेव परत करणारा हात त्याच ठेवीचा चाबूक करूं लागतो, आणि बंकिमचंद्र त्याला एका शब्दानेंही हटकीत नाहींत. शिवाय भ्रमरला हा भाग मिळतो तो तिचा म्हणून नव्हे. नवऱ्यास घातलेलें कुलूप म्हणून. तिचा विचार कोणी घेतला नाहीं.

पुढचा प्रसंग मात्र आमच्या मतें साऱ्या पुस्तकांत श्रेष्ठ होय. बायकोचें अन्न खाणार नाहीं म्हणून गोविंदलाल घर सोडावयास निघतो. भ्रमर नोंदलेलें दानपत्र पुढें करते : इस्टेट तुमची. तो तें फाडून टाकतो. त्यावर ती सांगते कीं, फाडून उपयोग नाहीं, सरकारांत याची नक्कल आहे असें वडिलांनीं सांगितलें आहे. येथें रजिस्ट्रेशन कचेरीचें कोरडें वाक्य एका नवथर मुलीच्या तोंडीं घालून ग्रंथकारानें जो परिणाम साधला आहे, तो कोणत्याही विलापानें साधला नसता.

१९५६ च्या कायद्यानें मुलीस वारसा मिळाला, २००५ मध्यें तिला एकत्र कुटुंबांत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि तरीही आमच्या सुशिक्षित घरांतून बहिणी भावांच्या नांवें हक्कसोडपत्रें लिहून देतच असतात. माहेर तुटूं नये एवढाच त्यांचा हेतु असतो. भ्रमरचें दानपत्र त्यांना आमच्याहून चांगलें कळेल.

शेवटीं इस्टेट गोविंदलालाच्या भाच्याकडे, शचीकांताकडे, जाते. तो देऊळ बांधून त्यांत भ्रमरची सोन्याची मूर्ति बसवितो, आणि वैराग्य आलेला गोविंदलाल एकदां येऊन ती पाहून जातो. हा भाग आम्हांस सुरुवातीपासून कृत्रिम वाटत आला आहे. वाचकांनीं दानपत्राचें प्रकरण दोनदां वाचावें, आणि वेळ अपुरा असेल तर हा समारोप खुशाल सोडावा.